नळाच्या पाण्यात शिसं ०.००८: मर्यादेत आहे, मग बाळाला चालेल ना?

प्रश्न: गिरगावात आमची जुनी चाळ आहे. पाणी पहाटे येतं, दोन-अडीच तास असतं. मोरीतल्या नळाचं पाणी स्टीलच्या पिंपात भरून ठेवतो आणि दिवसभर तेच पितो. लेक बाळंतपणाला आली आहे, नात चार महिन्यांची झाली. लेकीचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी जोडीला पावडरचं वरचं दूध द्यायला सांगितलं आहे. गेल्या महिन्यात पाण्याच्या मशिनचा विक्रेता घरी आला. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशिनचं. दोन्हीत सळ्या सोडून बटण दाबलं. आमचं पाणी बघता बघता तपकिरी झालं आणि वर साका धरला. ‘काकू, हे सगळे जड धातू तुम्ही बाळाला पाजताय,’ म्हणाला. मला रात्रभर झोप नाही. मग जावईबापूंनी पहाटे पाणी आल्या आल्या एका रिकाम्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिलं. अहवालात शिसं ०.००८ आणि त्यापुढे मर्यादा ०.०१ असं आहे. आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांच्यापुढे नुसतं ‘बीडीएल’ लिहिलंय. आमचे हे म्हणतात, मर्यादेत आहे, विषय संपला. जावई म्हणतात, मर्यादेच्या इतकं जवळ का? शेजारच्या वहिनी सांगतात, तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवा, सगळं खाली बसतं. मी पाणी वीस-वीस मिनिटं उकळते आहे. मशिन घ्यावं का? मर्यादेत म्हणजे बाळासाठी सुरक्षितच ना? आणि हो, दिवाळीत मोरीचा नळ बदलला होता, त्याचा काही संबंध असेल का?
– एक आजी, गिरगाव

उत्तर:

ताई, आधी उद्या पहाटेपासून काय करायचं ते सांगते, बाकीची उकल मग करू. पाणी आलं की नळ पूर्ण सोडा आणि पहिली मोठी बादली भरून बाजूला ठेवा. ती धुण्याला, लादीला, संडासाला वापरा, वाया घालवू नका. मग पिण्याचं पिंप लावा. नातीच्या दुधासाठी त्या पिंपातलं पाणी लागेल तेवढंच स्टीलच्या पातेल्यात घ्या, खळखळून उकळी आली की मिनिटभराने गॅस बंद करा. पाणी चांगलं गरम असतानाच, म्हणजे ७० अंशांच्या खाली जायच्या आत, त्यात पावडर कालवा आणि मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. पावडरमध्येही कधीकधी जंतू असतात, म्हणून हा क्रम. वीस मिनिटं उकळणं मात्र आजच थांबवा. शिसं वाफेबरोबर उडून जात नाही. लिटरभर पाणी आटून अर्धा लिटर राहिलं की त्यातलं शिसं तेवढंच राहतं आणि पाणी निम्मं होतं, म्हणजे प्रमाण दुप्पट. उकळणं जंतूंसाठी आहे आणि त्यासाठी ते सोडायचं नाही. दिवसातून दोन तास पाणी आणि बाकी वेळ रिकाम्या जलवाहिन्या, अशा व्यवस्थेत गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जाण्याचा धोका मुंबईतल्या जुन्या वस्त्यांमध्ये कायम असतो. कावीळ आणि जुलाब हे शिशापेक्षा फार लवकर गाठतात.

लेकीने अंगावर पाजणंही चालू ठेवावं. वरचं दूध जोडीला आहे, बदली म्हणून नाही.

आता त्या विक्रेत्याच्या खेळाबद्दल. मला याचा मनापासून राग येतो, कारण बाळंतिणीच्या घरात शिरून हा माणूस एका आजीची झोप उडवून गेला. त्याने पाण्यात सोडलेल्या सळ्यांपैकी एक जोडी लोखंडाची असते. पाण्यातून वीज सोडली की ते लोखंडच झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा तपकिरी-हिरवट गाळ तयार होतो. तुम्ही पाहिलेला साका त्याच्या सळीचा होता, तुमच्या पाण्याचा नव्हे. त्याच्या मशिनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्यातून वीज धड वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसत राहतं. पुन्हा आला तर त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि मग बटण दाबायला लावा. तेही पाणी तुमच्यासारखंच तपकिरी होईल. तुमच्या अहवालातला आकडा (लिटरला ०.००८ मिलिग्रॅम) खरा धरला तर एका ग्लासभर पाण्यात शिसं असेल दीड-पावणेदोन मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका बारीक कणाच्या वजनाच्याही कितीतरी खाली. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला लागत नाही, वासाला येत नाही. म्हणूनच ते फक्त प्रयोगशाळेतच कळतं. पेनासारखं टीडीएस मीटरही इथे कुचकामी आहे. ते पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार विजेच्या वहनावरून अंदाजाने सांगतं, आणि त्यात शिशाचा वाटा इतका नगण्य असतो की काटा हलत नाही. टीडीएस ८० असलेल्या पाण्यात शिसं असू शकतं आणि टीडीएस ६०० असलेल्या पाण्यात ते मुळीच नसू शकतं.

तुमचा खरा प्रश्न मर्यादेचा आहे आणि तो तुमच्या यजमानांना आणि जावयांना दोघांनाही पडलेला आहे. मर्यादा म्हणजे अलीकडे अमृत आणि पलीकडे विष अशी रेघ, असं आपण समजून चालतो. प्रत्यक्षात हे आकडे धातूगणिक वेगवेगळ्या हिशोबाने आलेले आहेत, आणि तो हिशोब कळला की अहवाल वाचायची दृष्टीच बदलते.

पाऱ्याचं घ्या. प्रयोगात उंदरांच्या मूत्रपिंडावर परिणाम दिसला नाही अशी मात्रा शोधली गेली, सुरक्षिततेसाठी तिला १०० ने भागलं आणि माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण २ मायक्रोग्रॅम असेंद्रिय पारा सोसतो असं ठरलं. ६० किलोच्या माणसाला म्हणजे १२० मायक्रोग्रॅम. पण पारा अन्नातूनही येतो, म्हणून पाण्याच्या वाट्याला त्याचा फक्त दहावा हिस्सा दिला, १२ मायक्रोग्रॅम. माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो असं धरलं, की लिटरला ६ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बरोबर तेवढीच आहे, ०.००६ मिलिग्रॅम. आपल्या भारतीय मानक ब्युरोने, आयएस १०५०० या मानकात, त्याहून कडक ०.००१ ठेवली. अशा मर्यादेच्या आत असलेलं पाणी जन्मभर प्यायलं तरी चालावं, असा तिचा अर्थ आहे, आणि मधे भरपूर अंतर राखलेलं आहे. कॅडमियमची ०.००३ ही मर्यादाही अशाच वाटेने आली. तिथेही शरीराला, मुख्यतः मूत्रपिंडाला, सोसेल अशी एक मात्रा आहे.

शिशाचं तसं नाही. शिशासाठी ०.०१ हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली दिला तेव्हा त्यामागेही असाच हिशोब होता, आणि तो हिशोब नेमका तुमच्या नातीसारख्या बाळाचा होता. ५ किलो वजनाचं, बाटलीचं दूध पिणारं, दिवसाला पाऊण लिटर पाणी पोटात जाणारं बाळ. त्या काळी सोसवतं असं मानलेल्या शिशापैकी निम्मं पाण्यातून आलं तर किती, याचं उत्तर ०.०१ च्या आसपास येत होतं. पुढे मुलांच्या रक्तातल्या शिशाचा आणि त्यांच्या बुद्ध्यंकाचा अभ्यास वाढत गेला आणि असं दिसलं की शिसं कमी करत न्यावं तसतसा परिणाम कमी होतो, पण तो थांबतो असा टप्पा काही सापडत नाही. २०१० साली तज्ज्ञांच्या समितीने ती ‘सोसवणारी’ मात्राच मागे घेतली. हिशोबाचा पाया गेला, आकडा मात्र राहिला. आज तो एवढ्याचसाठी उभा आहे की याहून खाली सगळीकडे जाणं आणि ते खात्रीने मोजणं व्यवहारात अवघड आहे. संघटना स्वतःच त्याला तात्पुरता म्हणते. अमेरिकेत पाण्यातल्या शिशाचं उद्दिष्ट म्हणून शून्यच लिहिलेलं आहे, आणि युरोपने २०३६ पर्यंत ०.००५ वर यायचं ठरवलं आहे. आर्सेनिकच्या ०.०१ चंही काहीसं असंच आहे, तीही व्यवहाराशी तडजोड करून ठेवलेली मर्यादा आहे. ते दुखणं मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातल्या, पश्चिम बंगाल-बिहारकडच्या भूजलाचं आहे, आपल्या तलावांचं नव्हे.

म्हणून तुमच्या यजमानांना सांगा, कायद्याच्या दृष्टीने विषय संपला, नातीच्या दृष्टीने नाही. आणि जावईबापूंना सांगा, ०.००८ आणि ०.०१ यांच्यातल्या अंतराला फार अर्थ देऊ नका, ०.००८ च्या ऐवजी ०.०१२ आलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. शिशाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न मर्यादेत आहे का हा नाही. ते येतंय कुठून, आणि सहज काढून टाकता येईल का, हे विचारायचं.

बाळाचा मुद्दा नुसता भावनेचा नाही, हिशोबाचा आहे. मोठा माणूस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ३३ मिलिलिटर पाणी पितो. पावडरच्या दुधावरचं बाळ १५० मिलिलिटर. म्हणजे एकाच नळाचं पाणी बाळाच्या अंगात साडेचार पट जातं. वर पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. तेव्हा लेकीच्या लोहाच्या गोळ्या चुकवू नका. बाळाला लोहाचे थेंब कधी सुरू करायचे तेही बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. तुमच्या आकड्यातून धसका घ्यावा असं काही नाही. हे शिसं एका दिवसात काही करत नाही, महिनोन्महिने रोज गेलं तर करतं. तेव्हा हाताशी वेळ आहे, फक्त तो दवडायचा नाही.

आता तुम्ही जाता जाता विचारलेला नळ. मला सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर आहे.

मुंबईचं पाणी येतं तुळशी आणि विहार या बोरिवलीच्या उद्यानातल्या तलावांतून, आणि बहुतांश तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा अशा लांबच्या धरणांतून. हे पावसाचं, डोंगर-जंगलातून उतरलेलं पाणी आहे. भांडुप आणि पांजरापूरला ते गाळून, क्लोरिन घालून पुढे जातं. २०१९ साली केंद्र सरकारने देशातल्या शहरांच्या नळाच्या पाण्याची तपासणी जाहीर केली तेव्हा मुंबईचे दहाच्या दहा नमुने उतरले होते. या पाण्यात शिसं तलावातून येण्याचं कारण नाही. ते येतं शेवटच्या टप्प्यात: इमारतीचा पाइप, त्याचे जोड, आणि नळ.

पितळेत थोडं शिसं मुद्दाम घालतात, कारण त्याने पितळ कातायला, आटे पाडायला सोपं जातं. वरून क्रोमचा मुलामा असल्यामुळे नळ चांदीसारखा चकचकीत दिसतो, पण पाणी वाहतं त्या आतल्या बाजूला उघडं पितळच असतं. नवा नळ पहिले काही महिने जास्त शिसं सोडतो, मग हळूहळू कमी करतो. त्यात मुंबईचं पाणी मऊ, कमी क्षारांचं. असं पाणी पाइपात आतून क्षारांचा थर धरू देत नाही, धातूला भिडून राहतं. बाजारातल्या स्वस्त, बिनामार्काच्या नळांत किती शिसं आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. दुसरा संशय पाइपांवर. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाच्या त्या मुलाम्यात शिसं आणि कॅडमियमची भेसळ असायची. पांढऱ्या-करड्या पीव्हीसी पाइपांत तर प्लास्टिक टिकावं म्हणून शिशाचे क्षार घालण्याची पद्धतच होती, तिला चाप लावणारे नियम केंद्राने २०२१ साली काढले. त्याआधीचा पाइप बसवलेला असेल तर तो लक्षात ठेवा. आणि गंजलेल्या लोखंडी पाइपातला लाल-पिवळा गंज स्वतः विषारी नसला, तरी शिसं त्याला चिकटून बसतं आणि पाइपाला हादरा बसला की गंजाबरोबर सुटून येतं. म्हणून चाळीत प्लंबरने काही काम केलं की पुढचे दोन-तीन दिवस पाणी जास्त सोडायचं, आणि नळाच्या तोंडाला जाळी असेल तर ती काढून धुवायची. त्या जाळीत अडकलेला कचरा एकदा पांढऱ्या बशीत झटकून पाहा. पितळेची कीस, गंजाचे पापुद्रे, टेफ्लॉनच्या टेपचे धागे, सगळं तिथे जमलेलं असतं आणि रोजचं पाणी त्यातूनच गाळून येतं.

पहिली बादली बाजूला ठेवायला सांगितली त्यामागे हेच आहे. अर्ध्या इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं. मोरीपासून मुख्य पाइपापर्यंत दहा मीटर धरले तरी दोन लिटरच्या आतच. वीस-बावीस तास नळात आणि पाइपात मुरलेलं पाणी पहिल्या काही लिटरमध्येच निघून जातं, आणि गळक्या जोडांतून शिरलेली घाणही बरीचशी त्याच ओघात जाते. चाळीऐवजी गच्चीवरच्या टाकीचं पाणी असतं तर सहा-सात मजल्यांच्या इंची पाइपाचे दहा-बारा लिटर सोडावे लागले असते.

जावईबापूंनी पाणी आल्या आल्या बाटली भरली, म्हणजे त्यांनी मोजलं ते नळात मुरलेलं पाणी. ते सगळ्यात वाईट पाणी होतं. ते मोजणं चुकीचं नाही, पण एकट्या त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. पुन्हा तपासणी करा, या वेळी तीन नमुने: पाणी आल्याबरोबरचं पहिलं, नळ दहा मिनिटं सोडल्यानंतरचं, आणि दिवसभर पिता त्या पिंपातलं. पहिल्यात शिसं आहे आणि दुसऱ्यात जवळजवळ नाही, तर दोष नळाचा किंवा तुमच्या घरातल्या पाइपाचा. दोन्हीत सारखंच, तर दोष चाळीच्या मुख्य पाइपाचा किंवा त्याच्याही पलीकडचा. आणि तिसरा नमुना सांगेल की बाळाच्या पोटात प्रत्यक्षात काय जातंय. मला विचाराल तर तिन्हींत तोच सगळ्यात महत्त्वाचा.

प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली हवी, आणि ती मान्यता पाण्यातल्या धातूंच्या तपासणीसाठी आहे ना हे विचारायचं. काही प्रयोगशाळांची मान्यता नुसत्या जंतूंपुरती असते. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. धातूंच्या नमुन्यात थोडं नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर शिसं बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं आणि अहवालात कमी दिसतं. आता ‘बीडीएल’. त्याचा अर्थ, आमच्या यंत्राला दिसेल त्याहून कमी. पण यंत्राला दिसतं किती? कॅडमियमची मर्यादा ०.००३ आहे. एखाद्या प्रयोगशाळेचं यंत्र ०.०१ च्या खालचं पाहूच शकत नसेल, तर तिथला बीडीएल म्हणजे आंधळ्याने दिलेली ग्वाही. तेव्हा प्रत्येक धातूपुढे शोध-मर्यादा लिहून मागा, आणि ती मानकातल्या आकड्याच्या निदान तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी खाली हवी. एककही बघा. कुणी मिलिग्रॅममध्ये लिहितं, कुणी मायक्रोग्रॅममध्ये. ०.००८ मिलिग्रॅम म्हणजेच ८ मायक्रोग्रॅम. हा ८ चा आकडा ०.०१ च्या शेजारी पाहून घाबरगुंडी उडालेली माणसं मी पाहिली आहेत.

तिन्ही नमुने देऊन झाले की नळ बदला, अहवालाची वाट बघू नका. चांगल्या कंपनीचा स्टेनलेस स्टीलचा नळ घ्या, खोक्यावर शिसंविरहित असं लिहिलेलं असेल तर उत्तम. पिण्याच्या एका नळापुरता हा खर्च मशिनच्या पुढे काहीच नाही.

मशिन मात्र आत्ता घेऊ नका. आरओने, म्हणजे सूक्ष्म पडद्यातून पाणी दाबून गाळणाऱ्या मशिनने, शिसं निघतं, हे खरं आहे. पण आरओ मुळात खाऱ्या, क्षारांच्या पाण्यासाठी आहे. मुंबईच्या पाण्याचा टीडीएस मानकातल्या ५०० च्या पुष्कळ खाली असतो. ५०० च्या खाली टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच म्हटलं होतं. आरओ पिण्याजोगं पाणीही मोरीत ओतत राहतो, आणि ज्या चाळीत दोन तासच पाणी येतं तिथे मला ते पटत नाही. नुसत्या यूव्ही दिव्याने धातू जात नाहीत. तुरटीचा आणि क्लोरिनच्या थेंबांचाही त्यासाठी उपयोग नाही. साध्या कार्बन कांडीचा (कोळशाच्या गाळणीचा) भरवसा नाही, शिशासाठी खास तपासून प्रमाणित केलेली कार्बन कांडी वेगळी मिळते आणि ती काम करते, पण मुदतीत बदलली तरच. दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यात शिसं निघालं, तर नुसता नळ बदलून भागणार नाही, तेव्हा त्या कांडीचा विचार करा. आरओ लागेल तो ज्यांच्या इमारतीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळतात त्यांना, तेही धातू आणि क्षार दोन्ही मोजून पाहिल्यावर. तुमच्या चाळीत विहिरीचं पाणी कुठल्या नळाला जोडलेलं नाही ना, एवढं चिटणिसांना विचारून घ्या. गिरगावात जुन्या विहिरी पुष्कळ आहेत.

वहिनींचा तांब्याचा हंडा. तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले जंतू बऱ्याच अंशी मरतात, तेवढं खरं. पण शिसं त्याने खाली बसत नाही, उलट थोडं तांबं पाण्यात उतरतं. मोठ्या माणसाला ते चालून जातं. चार महिन्यांच्या बाळासाठी तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी अजिबात नको. पितळी पातेल्याला कल्हई केलेली असेल तर ती कुणाकडून केली हेही महत्त्वाचं. शुद्ध कथील महाग, म्हणून त्यात शिसं मिसळणारे असतात. बाळाचं सगळं स्टीलमध्ये करा.

आणि ताई, तुम्ही पाण्याचं विचारलंत म्हणून पाण्यावरच थांबले तर माझं उत्तर अर्धवट राहील. मुलांच्या अंगात शिसं जाण्याच्या वाटा घरात आणखी आहेत आणि काही पाण्याहून मोठ्या आहेत. खिडकीच्या, दाराच्या जुन्या ऑइलपेंटचे पापुद्रे निघत असतील तर ते कोरडे खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे, त्याआधीचा रंग संशयितच धरा. जुना लाकडी पाळणा माळ्यावरून काढला असेल तर त्याचा रंग आधी बघा, दोन महिन्यांत नात कठडा चावायला लागेल. बाजारातला सुरमा आणि काजळ बाळाच्या डोळ्यांत नको, सुरम्यात शिशाचं खनिज असतं. तीट लावायची हौस असेल तर निरांजनाच्या काजळीची, आणि ती कपाळालाच. सुटी, अतिपिवळी हळद घेऊ नका, रंग उठावा म्हणून तिच्यात शिशाचं क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं सापडलेली आहेत. गुटी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. आणि कुणी ‘ताकदीसाठी’ भस्म सुचवलं तर तिथेच हात जोडा, नागभस्म म्हणजे शिसंच. पाऱ्याची काळजी पाण्यापेक्षा माशांत जास्त असते. लेक मासे खात असेल तर मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळून बोंबील, मांदेलीसारखे लहान मासे खाऊ दे.

बाळाचं रक्त तपासावं का? तुमच्या आजच्या आकड्यावरून घाई करायची गरज नाही. पण पिंपातल्या पाण्यातही शिसं ०.०१ च्या आसपास निघालं, किंवा घरात रंगाचे पापुद्रे, सुरमा, भस्म यांपैकी काही असेल, तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं तर ते कुठून येतंय हे शोधून बंद करायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध देऊन शिसं बाहेर काढण्याची वेळ मुलांत ४५ च्या पुढे येते. त्यामुळे पाचाचा आकडा ऐकून कुणी तुम्हाला महागडी ‘डिटॉक्स’ची औषधं देऊ लागलं तर घेऊ नका.

राहिली चाळ. दहा मिनिटं सोडलेल्या पाण्यातही शिसं निघालं तर ते फक्त तुमच्या नातीचं राहत नाही, त्याच पाइपावर वरखाली किती बिऱ्हाडं आणि किती मुलं आहेत ते मोजा. मग चिटणिसांना घेऊन तळमजल्याच्या नळाचा आणि मीटरजवळचा असे आणखी दोन नमुने द्या. मीटरजवळचं पाणी स्वच्छ निघालं तर पाइप चाळीचा, तो चाळीनेच बदलायचा. मीटरजवळही शिसं असेल तर अहवालांच्या प्रती जोडून विभाग कार्यालयातल्या जलकामे खात्याच्या सहायक अभियंत्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात नमुना कधी, कुठल्या नळाचा, किती वेळ पाणी सोडून घेतला हे लिहिलेलं असेल तर तो बाजूला टाकणं अवघड जातं. मधल्या काळात पाणी गढूळ आलं किंवा वास आला तर १९१६ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. तिन्ही नमुन्यांचे आकडे हातात आले की एककं आणि शोध-मर्यादा यांच्यासकट मला पुन्हा लिहा, त्यावरून कांडीची गरज आहे का ते सांगते.